समुद्रतळाच्या प्राण्यांचे विसर्जन थांबविण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह श्री. रघुपतीराव (अण्णा),
गणेशोत्सव समिती,
दक्षिणवासी महाराष्ट्र समाज,
इंदिरानगर, बेंगळुरू.

विषय : नैवेद्य म्हणून देवापुढे गेलेला स्टीलचा डबा विसर्जनापूर्वी अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) समितीचा दि. २ सप्टेंबरचा ठराव.
२) ठराव वाचताना समाजाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अनुसूया अक्कांनी अर्जदाराकडे टाकलेला कटाक्ष.

महोदय,

१. अर्जदार शार्दूल हरदास, मूळचा नागपूरचा, सध्या राहणार बेळ्ळंदूर, हा महासागरातील सर्वांत खोल गर्तांमधल्या प्राण्यांचा अभ्यास करतो. नागपूरहून बेंगळुरूला येताना वाटेत कुठेही समुद्र लागत नाही, हे समितीच्या सदस्यांनी वेळोवेळी हसून लक्षात आणून दिले आहे व ते खरे आहे. अर्जदारास संशोधन-जहाजावर जाण्याची संधी एकदा मिळाली होती. जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच त्यास उलट्या सुरू झाल्या आणि कप्तानाने त्यास हाताला धरून खाली उतरविले. त्याच्या जागी त्याची सहकारी सिद्धी गेली.

२. सिद्धीने जावा बेटाच्या दक्षिणेकडील गर्तेत, सुमारे सात किलोमीटर खोल, पिंजरे सोडून काही प्राणी पकडले व अर्जदारासाठी गोठवून आणले. हे प्राणी कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, पांढुरके, बोटभर लांबीचे आहेत. तिथे उजेड पोचत नाही. डोक्यावर पाण्याचे एवढे ओझे असते की लोखंडी पिंपही चेपून जाईल. अशा जागी हे जीव वरून जे मेलेले-कुजलेले खाली पडेल त्यावर सुखाने जगतात. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या अर्जदारास त्यांच्याविषयी पहिल्यापासून घरच्यासारखी आपुलकी वाटते.

३. ऑगस्टअखेर अर्जदाराच्या संस्थेतील फ्रीझर बंद पडला. मेकॅनिक रोज 'नाळे सर, नाळे' म्हणून उद्याचा वायदा करी. प्राणी वितळण्याच्या बेतात आले, तेव्हा अर्जदारास समाजाच्या स्वयंपाकघरातला मोठा फ्रीझर आठवला. उत्सवापुरती त्याची एक किल्ली अर्जदाराकडे होती. सदर स्वयंपाकघर स्थापनेपासून शुद्ध शाकाहारी आहे, हे त्यास पूर्ण ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय त्याने स्वतःच घालविली, ती अशी.

४. समाजाच्या फ्रीझरात ठेवलेले श्रीखंड, बर्फी, खवा, काहीच संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. कोणीही हात लावू नये असे काय असते, याचा अर्जदाराने विचार केला. मग चिकपेटहून नवा स्टीलचा डबा आणला, त्यात प्राणी भरले आणि वर चिठ्ठी चिकटविली : 'गौरीचा नैवेद्य. कोणीही हात लावू नये.' त्या दिवशी अर्जदार स्वतःच्या अकलेवर इतका खूश होता की घरी जाताना त्याने दोन मसाला डोसे खाल्ले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण त्यास तेव्हा आठवली नाही.

५. गौरीचा नैवेद्य गौरीपूजनाच्या दिवशी गौरीपुढे ठेवतात, एवढी साधी गोष्ट तो विसरला. अक्कांना वाटले, कोणा माहेरवाशिणीने नवस बोलला असावा. नवसाचा मान राहावा म्हणून त्यांनी पुरणपोळीचे ताट बाजूला सारून डबा मधोमध ठेवविला. आरतीला रंग चढलेला असताना पूजेला बसलेल्या पद्मनाभने नैवेद्य दाखवायला झाकण काढले. पुढे काय झाले हे अण्णा, आपण स्वतः पाहिले आहे. अर्जदार त्या वेळी मेकॅनिकची वाट पाहत बसला होता. त्यास हे अक्कांच्या फोनवरून कळले. "अरे शार्दूल, देवीपुढे किडे मांडलेस की रे! स्वल्प तरी लाज बाळगायची!" एवढे बोलून अक्का रडू लागल्या. अर्जदारास आजवर अनेकांनी झापले आहे, पण त्या रडण्याने तो खरोखर मेल्याहून मेला झाला.

६. अक्कांचे म्हणणे पुढे ठराव म्हणून मंजूर झाले : देवापुढे ठेवलेली वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही, ही तर तोंडात घालण्याजोगीही नाही, सबब ती गणपतीबरोबर शनिवारी विसर्जित करावी. तोवर डबा फ्रीझरात कुलूपबंद असून अर्जदाराकडची किल्लीही आता अक्कांच्या कमरेला आहे. कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा, नैवेद्य असतो, असे समितीतल्या विश्वासरावांनी सुचवून पाहिले. अक्कांनी त्यांना त्या दिवशी भात वाढला नाही.

७. अण्णा, विनंती अशी, की हे प्राणी गेले तर अर्जदाराचा प्रबंध गेला. दुसरे जहाज कधी निघेल हे सिद्धीलाही माहीत नाही, आणि निघाले तरी अर्जदार त्यावर चढू शकत नाही. सात किलोमीटर पाण्याखाली ताठ राहिलेले जीव गुलाल कालवलेल्या, कमरेइतक्या पाण्याच्या विसर्जन-टँकरमध्ये सोडलेले पाहणे त्याच्याच्याने होणार नाही. अर्जदार ज्या जागेवर जीव लावून बसला आहे तिथे तो कधीही जाणार नाही. तिथून त्याच्याकडे आलेले एवढेच आहे.

८. सबब अर्जदार असे निवेदन करतो, की नैवेद्य दाखवून झाला की त्याचा प्रसाद होतो. प्रसादाचे विसर्जन करीत नाहीत, तो वाटतात, आणि ज्याने नैवेद्य आणला त्यास पहिला मिळतो. हा मुद्दा अर्जदाराने काल अक्कांच्या दारात उभे राहून मांडला. अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. प्रसाद म्हणतोस ना? मग प्रसाद जपून ठेवत नाहीत, खातात. माझ्यासमोर एक खा, बाकीचे घेऊन जा."

९. अर्जदाराने होय म्हटले आहे. कोणता प्राणी, हे त्यास निवडू द्यावे. त्यातल्या एकाचा पाय पिंजऱ्यातच मोडला होता व त्याची मोजमापे घेऊन झाली आहेत. अर्जदाराच्या घराण्यात अंडेदेखील कोणी खाल्लेले नाही व त्याने स्वतः आजवर केकही चौकशी करूनच खाल्ला आहे. ही बाब दया यावी म्हणून लिहिलेली नसून, ऐन वेळी जवळ बादली असावी म्हणून लिहिली आहे. शनिवारी सकाळी, विसर्जनाआधी, आपण सांगाल त्या वेळी अर्जदार उपाशीपोटी हजर राहील.

आपल्या व अक्कांच्या शब्दाबाहेर नसलेला,
शार्दूल हरदास
बेंगळुरू, दि. ४ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) अर्जदाराच्या मार्गदर्शकांचे पत्र (प्राणी विषारी नसल्याबाबत; चवीबाबत त्यांनी काही कळविलेले नाही).
२) चमचा, एक नग. समाजाची भांडी बाटू नयेत म्हणून अर्जदाराचा स्वतःचा.