हिरवळीवरची पहिली सर्व्हिस

२ जानेवारी
आजचा दिवस ऐतिहासिक आणि इतिहासकार मीच. शहराचा लॉन टेनिस क्लब एप्रिलमध्ये शंभर वर्षांचा होतोय. त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आमचे अध्यक्ष, म्हणजे रिटायर्ड दंतवैद्य, म्हणाले, पुस्तक वेळेत द्या, समारंभात हिरवळीवर पहिली सर्व्हिस तुमची. इतकी वर्षं मेंबर आहे, पण मागच्या मातीच्या कोर्टापुढे मजल गेली नाही. हिरवळीवर खेळतात ते जिंकणारे. ऊर भरून आला. हिला सांगितलं. आधी लिहा, म्हणाली.

३ जानेवारी, सकाळ
संकल्प: रोज पाच पानं. खंड तीन.

३ जानेवारी, संध्याकाळ
पहिलं वाक्य झालं. 'टेनिस हा एक खेळ आहे.' भक्कम आहे. घाई नको.

११ जानेवारी
पुस्तक काय, कोणीही लिहील. सर्व्हिस सगळ्या गावासमोर करायचीय. तेव्हा आधी सर्व्हिस. शिवाय हिरवळ कळल्याशिवाय तिचा इतिहास लिहिणार कसा? समारंभासाठी ती दोरी लावून बंद ठेवलीय. इतिहासकाराला कसली आलीय दोरी. उद्यापासून पहाटे, माळी यायच्या आत. हा सराव नव्हे. संशोधन.

१२ जानेवारी
काय गवत आहे. अनवाणी नाचावंसं वाटलं. नाचलो. मग सर्व्हिस. सगळ्या जाळ्यात. जाळं उंच बांधलंय.

२९ जानेवारी
पाय घसरतो म्हणून पळायचे जुने स्पाइक्सवाले बूट काढले. आता चेंडू बाहेर जातात, कारण मैदानाला उतार आहे. हिला सांगितलं. नाचता येईना, एवढंच म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

१४ फेब्रुवारी
क्लबात खळबळ. हिरवळीला बेसलाइनपाशी टक्कल पडलंय, ताटाएवढं. माळी म्हणतो बुरशी. त्याने औषध मारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन माझ्या समारंभाआधी? कमिटीत उभा राहून बोललो. माझा संशय अध्यक्षांच्या छोट्या कुत्रीवर. क्लबातल्या गाद्या उकरताना मी तिला डोळ्यांनी पाहिलीय. अध्यक्षांचा चेहरा पडला. पण खरं बोलायला कोणीतरी पुढे व्हायलाच हवं.

१५ फेब्रुवारी
कुत्री बांधून ठेवलीय. संशोधन निर्धास्त चालू.

३ मार्च
टक्कल परातीएवढं. म्हणजे कुत्री सुटते. परत तक्रार केली. पुस्तकाचं दुसरं वाक्य डोक्यात तयार आहे.

१२ मार्च
आज पहाटे एक सर्व्हिस आत पडली. आयुष्यात पहिल्यांदा. तिथल्या तिथे गरगर नाचलो. तेवढ्यात टाळी वाजली. पंचांच्या उंच खुर्चीत शाल पांघरून अध्यक्ष बसलेले, मांडीवर कुत्री. तिची अब्रू वाचवायला बिचारे अंधारातच येऊन बसले होते. मी टकलाच्या बरोब्बर मधोमध उभा होतो. इतके दिवस ते माझ्या पायाखालीच होतं हे मला दिसलं नव्हतं, अगदी देवाशपथ. संशोधन चालू आहे, असं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, आत होती. माणूस सज्जन आहे.

२० मार्च
कमिटी. समारंभाचा खेळ आता मागच्या मातीच्या कोर्टावर. मी पुस्तकाची प्रगती वाचून दाखवली. दोन्ही वाक्यं. काम काढून घेतलं. अध्यक्ष मात्र नंतर जवळ येऊन म्हणाले, समारंभाच्या दिवशी हिरवळीवर तुम्हीच, एकटे, रॅकेट घेऊन या. म्हणजे प्रात्यक्षिक. गुणांची कदर होतेच शेवटी. नवे पांढरे बूट घेतले.

९ एप्रिल
समारंभ. टकलावर नवं बी पेरलंय. माझं काम पाखरं हाकलायचं. सकाळपासून टकलाशेजारी खुर्ची टाकून बसून होतो, हातात रॅकेट. तिकडे मातीच्या कोर्टावर पहिली सर्व्हिस अध्यक्षांच्या नातीने केली. टाळ्या ऐकू आल्या, दिसलं काहीच नाही. फार वाईट वाटलं. चिमण्या दाणे टिपत होत्या. मी उठून जोरात फोरहँड मारला, तशा जरा सरकल्या आणि परत आल्या. दुपारी ही पाणी घेऊन आली. शेजारी बसली आणि नुसता रुमाल झटकला. सगळ्या भुर्रकन उडाल्या. मी म्हटलं, मीच दमवून ठेवलं होतं त्यांना. ही हो म्हणाली.