खडा टाकला

६ जानेवारी १९९७
आजऱ्याहून सकाळच्या एसटीनं आलो. कसबा बावड्यात खोली मिळाली. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून येतो, आज तोही गोड वाटला. पस्तीस वर्षं शाळेत कविता शिकवल्या, आणि आता एकसष्टीत कॉलेजच्या सेंद्रिय रसायनाच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांत बसणार. अनुजा इथं प्राध्यापक आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. का शिकायचंय, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक आहे.

८ जानेवारी
फिल्टर पेपरची घडी घालायला शिकलो. माझी लेक संघप्रिया याच टेबलाशी शिकायची. चंबूत आधी चिनीमातीचा खडा टाकला की अल्कोहोल शांत उकळतं. नऊ वर्षांपूर्वी ती विसरली आणि तापल्यावर टाकला. चंबू उसळला, खाली पेटता बर्नर. आठव्या दिवशी दवाखान्यातच वारली.
तेव्हापासून लॅब सांभाळणाऱ्या आकारामनं रीत घातली. प्रत्येकानं मोठ्यानं ‘खडा टाकला’ म्हणायचं, मगच तो बर्नर पेटवायला काडी देतो. मला म्हणाला, म्हणायला लाज वाटत आसंल तर घरी जावा, पावणं.

१० जानेवारी
आम्ही बारा जण. बाराही जणांनी म्हटलं, बर्नर पेटले. मग मागून तेरावा आवाज. कुणी मान वळवली नाही.
माझ्या वर्गात सगळे कविता म्हणायचे, तेव्हा संघप्रिया एक ओळ मागं असायची. सगळे थांबले की तिचा एकटीचा आवाज उरायचा. मी रागवायचो. कशाला रागवायचो —

१३ जानेवारी
आकारामला विचारलं. काडेपेटी खिशात टाकत म्हणाला, रोज येतोय की. वळायचं न्हाय, मास्तर, आपल्या चंबूकडं बघायचं. तिला उशीर झालाय, तुमी करू नगा.

१५ जानेवारी
तिनं एकदा वेळेवर म्हटलं, तर सुटेल पोरगी. आज पुटपुटलो, म्हण बाळ, माझ्याबरोबर. नाही. बर्नर पेटल्यावरच. रडवेला होता आवाज —

१७ जानेवारी, दुपार
वही टेबलावरच. आज तिच्या वाट्याचंही मीच म्हटलं. दोनदा. आकारामनं काडी दिली.
आवाज नाही. अजून नाही. सुटली —

अल्कोहोल तापलं. डाव्या मुठीत काहीतरी टोचतंय. खडा. नुसतं म्हटलं मी, टाकला नाही —

बर्नर बंद करायला हवा — मूठ चंबूवर आपोआप उघडतेय —

कानाशी, एक ओळ मागून, आबा, खडा