लांबूरावाची जागा

॥ श्री ॥
सिंगापूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

तू हे पत्र जेवताना मोठ्याने वाचणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय. मी व्हिडिओ कॉल केला की मुकुल दार लावून घेतो, पण तू माझं पत्र वाचायला लागलीस की त्याच्या खोलीतला पंखा बंद होतो, असं तू मागे कळवलंस. तेव्हापासून मी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. तो पंखा बंद होतो हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते. एप्रिलमध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, जिल्ह्याच्या क्रिकेट संघातून नाव गेलं, तेव्हापासून तो माझ्याशी, आपल्या ताईशी, एक शब्द बोललेला नाही. निदान ऐकतो तरी.

बाबांनी विचारलं होतं की हा माझा बेसबॉल नक्की कोण खेळतं. बाबा, मी खेळत नाही. अमेरिकेत खरे सामने होतात. आमच्या ऑफिसातल्या दहा जणांनी त्यातले खरे खेळाडू वाटून घेऊन आपापले संघ केलेत, फक्त फोनवर. आपला खेळाडू तिकडे चांगला खेळला की इकडे आपल्याला गुण. दर आठवड्याला एकाशी लढत असते आणि निकाल सोमवारी सकाळी लागतो, कारण तिकडे तेव्हा रविवारची रात्र असते. त्यांना एक जण कमी पडत होता म्हणून मला घेतलं. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुकुल ऐकतोय म्हटल्यावर मी झटून शिकले.

आम्ही पाचवे आहोत. पहिले चार संघ बाद फेरीत जातात, बाकीच्यांचा खेळ तिथे जवळजवळ संपतो. चार लढती उरल्यात. आणि नेमका आत्ता आपला तो उंच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ज्याचं नाव तू लांबूराव ठेवलंस, तो जायबंदी झालाय. कुठे दुखावलाय ते लिहू की नको असा फार विचार केला. त्याचा खांदा गेलाय.

जायबंदी खेळाडूसाठी प्रत्येक संघात एक जादा खाट असते. आपल्या खाटेवर एक जण आधीच आहे. म्हणजे लांबूरावाला ठेवला तर खेळणाऱ्यांतली एक जागा रिकामी राहणार, आणि काढला तर कुणीही उचलून नेणार. सगळे म्हणतात, काढ.

इथे राष्ट्रीय दिनाची तालीम चालू आहे, दर शनिवारी डोक्यावरून विमानं जातात. पंखा बंद झाला का, ते लगेच कळव.

तुमच्या मायेच्या भरवशावर इथे उभी असलेली,
वल्लरी


॥ श्री ॥
मिरज, ८ ऑगस्ट २०२५

चि. वल्लरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पंखा बंद झाला. आणि ऐक, खांदा हा शब्द वाचला तसं दार बोटभर उघडलं. आतून त्याने विचारलं की कुठला खांदा. मी गोंधळले, तुझं पत्र पुन्हा चाळलं, त्यात लिहिलेलं नव्हतं. तुझे बाबा म्हणाले की चेंडू टाकायचाच असणार, नाहीतर जायबंदी कशाला म्हणतील. दार पुन्हा लागलं. पण पोरी, तो बोलला. कित्येक दिवसांत मला उद्देशून बोललेले हे त्याचे पहिले दोन शब्द.

व्यायाम करून घ्यायला अनघाताई येतात, दारावर टकटक करतात, चहा घेऊन परत जातात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की आता हात हलवला नाही तर खांदा आखडेल, मग बॉलिंग राहू दे, भांगसुद्धा पाडता येणार नाही. मी त्याला काही बोलत नाही. ह्यांनी त्याची किट बॅग माळ्यावर टाकली, बॅट कापडात गुंडाळून ठेवली. मॅच लागली की आम्ही टीव्ही बंद करतो. त्याच्या जिवाला लागेल असं घरात काही दिसू देत नाही.

लांबूरावाला काढू नकोस. माझ्या माहेरी रीत होती, घरात कुणी आजारी असलं तर त्याचं पान सगळ्यांच्या आधी मांडायचं. तो उठून येवो न येवो. आजाऱ्याला वाटायला नको की त्याच्यावाचून पंगत बसली. मी मुकुलचं पान रोज मांडते. तो येत नाही, मागाहून एकटा आत जेवतो, पण पान असतं. ह्यांचं म्हणणं, त्या पानापुढची पोळी रोज ह्यांच्या वाट्याला येते, तेव्हा रीत चांगलीच आहे. ह्यांना थट्टेखेरीज काही सुचत नाही, आणि सायकलचं दुकान बंद करून आले की अर्धा तास त्याच्या दाराबाहेर पंक्चरच्या पाटावर बसून असतात.

तुझा हा खेळ चालू राहू दे. तो संपला तर मी मोठ्याने काय वाचू?

जपून राहा, आणि माया पोटभर घेत जा. इथे ती सांडून चालली आहे.
तुझी,
आई


॥ श्री ॥
सिंगापूर, १८ ऑगस्ट २०२५

ती. आईस आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

एक लढत जिंकलो, एक हरलो. अजून पाचवेच. चौथ्या संघाच्या आणि आपल्यामध्ये एका विजयाचं अंतर आहे.

लांबूराव आपल्या संघात आहे. आई, तू रीत सांगितलीस आणि मला माझंच मन कळलं. अनिमेष म्हणून एक जण आहे, पुण्याचा, आमच्या यादीत पहिला. तो रोज माझ्या टेबलापाशी येऊन विचारतो की रिकामी खुर्ची मांडून खेळणाऱ्याला मिरजेत काय म्हणतात. मी त्याला सांगितलं की मिरजेत त्याला माणूस म्हणतात. त्यावर तो म्हणाला की हे फॅन्टसी बेसबॉल आहे, अनाथाश्रम नाही. सगळे हसले. मी हसले नाही.

खरं सांगू का. आमच्या टीममधली मेधा पाठीच्या दुखण्याने बरेच दिवस घरी होती. गेल्या आठवड्यात तिची नोकरी गेली. नोकरी गेली की इथला कामाचा पास जातो आणि पास गेला की महिन्याभरात देश सोडायचा. दुपारी मी जेवून आले तर तिच्या टेबलावरची गणपतीची छोटी मूर्तीसुद्धा नव्हती, आणि सगळे नेहमीसारखे काम करत होते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला वाटायचं, शिकलेल्या माणसांच्या जगात असं होत नसेल. मग ठरवलं, निदान माझ्या हातात आहे तेवढ्या जागेत मी असं होऊ देणार नाही. माणूस उपयोगाचा आहे तोवरच आपला, हे मी मानणार नाही. मुकुल, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. तुझी जागा कुणी घेतली म्हणून ती तुझी नव्हती असं होत नाही.

रविवारी ऑफिसच्या लोकांबरोबर पुलाउ उबीनला गेले. छोट्या बोटीतून बेटावर जायचं आणि दिवसभर सायकल फिरवायची. भाड्याच्या सायकलची चेन दोनदा उतरली. मी ती बसवली तेव्हा सगळे बघत राहिले. बाबा, तुम्हाला तिथून हाक मारावीशी वाटली.

पत्राची वाट बघते. चार ओळी आल्या तरी आठवडा निघतो.
तुमची,
वल्लरी


॥ श्री ॥
मिरज, २१ ऑगस्ट २०२५

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू. तुझं पत्र वाचत होते, पंखा बंद होता. तू मुकुलसाठी लिहिलेल्या ओळी आल्या, तेव्हा मी आवाज मुद्दाम चढवला. तर आतला पंखा सुरू झाला. मोठ्यावर. मी तशीच पुढे वाचत राहिले, सायकलची चेन, बेट, सगळं, पण ऐकत कुणी नव्हतं.

त्यानंतर तो मागाहूनही धड जेवत नाही. काल अनघाताईंना त्याने आतूनच सांगितलं की पुन्हा येऊ नका. त्या वाईट वाटून न घेता म्हणाल्या, बोलावलंत की येईन, पण फार उशीर करू नका. ह्यांनी दारापाशी बसून त्याला विचारलं की काय चुकलं आमचं. आतला पंखा तसाच मोठ्यावर. आज ह्यांनी दुकान उघडलंच नाही, आणि हे सण-सुतकातसुद्धा उघडतात तुला माहीत आहे.

मी विचार करून करून एकाच जागी येते. तुम्ही हरताय, म्हणून त्याचा धीर सुटला. बेसबॉल मला कळत नाही, पण पोरी, कसंही करून जिंक. लांबूरावाला काढायचा नाही आणि जिंकायचंही आहे, हे दोन्ही मागणं आईच करू शकते. सहा दिवसांवर गणपती आलेत. मोदकाचं पीठ दळून आणलंय आणि करायची उमेद नाही.

माझ्या हातात हे पत्र आहे आणि तुझ्या हातात तो खेळ. दोन्ही सुटू नयेत एवढंच.
तुझी,
आई


सिंगापूर, १ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी एकटीने वाच. मोठ्याने वाचायचं की नाही ते मग ठरव.

आम्ही संपलो. मधली लढत जिंकून चौथ्या संघाच्या बरोबरीला आलो होतो. शेवटची अनिमेषशी होती. रविवारी झोपताना आपण पुढे होतो. आज सकाळी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या बघत होते. तांजोंग पगार स्टेशनला दार उघडलं तेव्हा एका गुणाने मागे पडलो होतो, आणि तिथेच थांबलो. तो एक गुण रिकाम्या जागेवर कुणीही बसवला असता तरी मिळाला असता. अगदी कुणीही. अनिमेष आज चिडवायला आला नाही. कॉफी आणून ठेवली आणि गेला. त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

आई, मला काही कळेनासं झालंय. मी चांगलं तेच केलं ना? मला वाटलं होतं, मी लांबूरावाला धरून ठेवला की मुकुलला कळेल, त्यालाही आम्ही धरून आहोत. उलट मी त्याच्यापाशी पोचायचा एकच रस्ता होता, तो बंद करून बसले. आता पुढच्या सोमवारी काय लिहू? इथे पाऊस पडतो, इथे ऊन पडतं, एवढंच. त्यासाठी कोण पंखा बंद करेल.

रजेचा अर्ज केला आहे. मिळाली नाही तरी येईन म्हणते, मग माझ्या पासचं जे व्हायचं ते होवो. तोवर त्याच्या दारापाशी बाबांना एकटं बसू देऊ नकोस.

रागावली असलीस तरी लिही. तुझ्या रागातही घरचा वास असतो.
वल्लरी


मिरज, ३ सप्टेंबर २०२५

ताईस,
(आई म्हणते आधी नमस्कार लिही. तर नमस्कार.)

अक्षर वाईट आहे कारण उजव्या हाताने लिहितोय. अनघाताईंना काल मीच बोलावलं, त्यांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय, कोपर टेबलावर टेकून. दुखतं. त्यामुळे एवढं एकच पान आहे, शिव्या थोडक्यात देतो.

आईने तुझं पत्र एकटीने वाचलं आणि स्वयंपाकघरात हुंदके देत बसली. मला वाटलं, कोणी गेलंच. बाहेर येऊन कागद घेतला तर एका गुणाने हरलीस एवढंच. ताई, तू वेडी आहेस. खांदा गेलेला पिचर घेऊन कोण बाद फेरीत जातं? जायबंदी माणसाला संघातून काढतात. मला काढलं ते बरोबर होतं. मी कॅप्टन असतो तर मीही मला काढलं असतं. मला त्याचा राग नव्हता.

राग कशाचा ते सांगतो. बॅग माळ्यावर गेली. मी खोलीतून हाक ऐकतो, टीव्ही बंद करा, मुकुल ऐकेल. गल्लीतली पोरं क्रिकेटचं बोलत येतात आणि आपल्या दारापाशी गप्प होतात. रोज दुपारी आई माझं रिकामं पान मांडते, ते मला दाराच्या फटीतून दिसतं. मेलेल्या माणसाचं ठेवतात तसं. आणि तिकडे तू रिकामी जागा मांडून बसलीस, वर पानभर भाषण. दोघी सारख्याच.

लांबूरावाचं मी रोज बघत होतो, फोनवर. त्याचा उजवा खांदा गेलाय, माझ्यासारखाच. त्याचंही ऑपरेशन झालं. परवापासून तो हळूहळू, दिवसाला थोडा, हात हलवायला लागलाय. यंदा खेळणार नाही, पुढच्या वर्षी कदाचित. हे तुझ्या एकाही पत्रात नाही. तू त्याची जागा राखलीस, पण त्याचा खांदा कसा आहे हे एकदाही लिहिलं नाहीस. मी कुठला खांदा म्हणून विचारलं होतं, त्याचंही उत्तर दिलं नाहीस.

तर आता ऐक. त्याला आजच्या आज काढ. त्याला कळणार नाही आणि कळलं तरी वाईट वाटणार नाही. खालच्या सहा संघांच्या लढती अजून आहेत, मी नियम वाचले. पाचव्या नंबरासाठी खेळायचं. त्या जागी डावखुरा एक आहे, कुणी घेतलेला नाही, त्याचं नाव आईच्या फोनवरून पाठवतो. अनिमेषला सांग, मिरजेत रिकाम्या खुर्चीला काही म्हणत नाहीत, तिच्यावर दुसरा बसतो. आणि नोकरीवर लाथ मारून येऊ नकोस. रजा मिळाली तर ये.

बाबांनी बॅग खाली काढली. आत गेल्या मोसमाची माती तशीच आहे. हात अजून कानाच्या वर जात नाही. अनघाताई म्हणतात, जाईल की नाही ते आत्ता सांगणार नाही.

आज दुपारी आई पान मांडायला लागली तेव्हा मी म्हटलं, मांडू नकोस. तिचा चेहराच उतरला. मग मी मांडणीवरून ताट काढलं, डाव्या हाताने, आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. बाबांनी एक पोळी माझ्या ताटात सरकवली. मग आईला म्हणाले की आता माझी एक पोळी कमी.

राग कमी झाला की लोभ परत सुरू करीन. सोमवारी निकाल कळव.
मुकुल