लाल गोलातली बाई

२ डिसेंबर, सोमवार

फोटो आला! कुणा पालकाने क्लासच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो सगळ्या लातूरभर फिरला आणि सगळ्यात शेवटी मला मिळाला.

क्लासमागची चहाची टपरी. पाच माणसं उभी. चार पुरुष, एक मी. पाचही जणांच्या हातात सिगारेट. लाल गोल मात्र फक्त माझ्याभोवती! खाली लिहिलंय — "आपल्या मुलांना बायोलॉजी शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडम. पाचवा महिना चालू आहे. पालकहो, विचार करा."

आणि माझ्या शेजारी, टीचभर अंतरावर, आरामात धूर सोडत उभा आहे तो आलोक. माझा नवरा. या बाळाचा बाप! गोल काढणाऱ्याने त्याचा खांदा चुकवून रेघ किती बेताने वळवली आहे. वर दिवसभर त्यालाच मेसेज — "भाऊ, धीर धर." "वहिनींना समजावून सांग." धीर धर म्हणे! दिवसाला पाकीट लागतं याला.

हो, ओढली. इथे खोटं कशाला लिहू, कोण वाचणार आहे? पुण्याला एम.एस्सी. करताना लागली. दिवस राहिले तेव्हा एका झटक्यात सोडायचं ठरवलं. सहाची एक झाली, ती एक काही सुटेना. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात जाऊन काय करतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढते. बाळाच्या वाट्याचा ऑक्सिजन जातो हे गोल काढणाऱ्यापेक्षा मला जास्त कळतं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. प्रत्येक झुरक्याला भीती वाटते. रोज वाटते. ते फोटोत दिसत नाही.

३ डिसेंबर

साहेबराव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. क्लासचे मालक. मी बसले तेव्हा तळहातावर तंबाखू मळत होते.

"मॅडम, पालकांचे लई फोन येऊन राहिलेत. बाळंतपण होईस्तोवर तुम्ही घरीच थांबा. तुमच्या तब्येतीसाठीच म्हणून राहिलो."

एवढं बोलून चिमूट दाढेखाली सरकवली आणि हात झटकले. मी म्हटलं, "सर, मला रजा लागेल तेव्हा मी अर्ज देईन. आणि आत्ता तुम्ही तोंडात टाकलंत ते काय होतं?"

"ते वेगळं! मी कुठं गरोदर हाय?"

मला हसूच आलं. ते बघून त्यांना जास्तच राग आला. येऊ दे. उद्याचं सकाळचं लेक्चर मी घेणार म्हणजे घेणार.

४ डिसेंबर

वर्गात गेले तर फळ्यावर खडूने काढलेली भलीमोठी सिगारेट. धुरासकट. पोरं खाली माना घालून हसत होती.

मी ती पुसली नाही. त्याच धुराला बाण जोडला, बाणापुढे फुप्फुस, मग हिमोग्लोबिन, मग वार, मग नाळ आणि शेवटी बाळ. सगळं समजावून दिलं आणि म्हटलं, "ही मी ओढत होते. सोडते आहे. सोडणं फार म्हणजे फार अवघड आहे, म्हणून तुम्ही लावूनच घेऊ नका. आता वह्या काढा."

सगळ्यांनी वह्या काढल्या! इतक्या वर्षांत एवढं चांगलं लेक्चर झालं नव्हतं. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, तेही लिहून ठेवते.

५ डिसेंबर

आज नाही ओढली. लवंगा चावून चावून जीभ पोळली आहे.

८ डिसेंबर, रविवार. नांदेड

माहेरी आले. आईच्या फोनमध्येही तो फोटो पोचला आहे. आई एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे तिला सगळ्या गोष्टींची लाज वाटते. "मृण्मयी, आपल्या घरात कुणी सुपारीचं खांडसुद्धा खात नाही गं!" मी म्हटलं, "मग मी खाल्लं नाहीच, ओढलं."

तरी स्वतःच डॉक्टरकडे घेऊन गेली. लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडे मला जायचं नव्हतं. पहिल्याच भेटीत मी त्यांना खरं सांगितलं होतं. "शिकलेल्या ना तुम्ही? लाज नाही वाटत?" सगळ्या नर्सेससमोर! त्यानंतर दर महिन्याला त्या विचारायच्या, "सोडली?" आणि मी म्हणायचे, "सोडली." त्यांनाही बरं वाटायचं, मलाही सुटल्यासारखं व्हायचं. बाळाला कुणी विचारलंच नाही.

आज दवाखान्याच्या दारात आईने दंड धरला. "आत त्याबद्दल काही बोलू नकोस हं." मी आत गेले आणि पहिलं वाक्य तेच बोलले.

या डॉक्टर बाई ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं — दिवसाला किती? कधी जास्त वाटते? चहाबरोबर की चिडल्यावर? आणि मग — "घरात आणखी कोण ओढतं?"

त्या फोटोतला माझा नवरा पहिल्यांदा कुणाला तरी दिसला!

सोनोग्राफी केली. ठोके चांगले आहेत. वाढ मात्र थोडी मागे आहे. बाई म्हणाल्या, "आजपासून पूर्ण बंद केलीत तरी फरक पडेल. अजून वेळ आहे." अजून वेळ आहे! परतीच्या गाडीत सगळा रस्ता हेच म्हणत आले. मी सोडणार. पण तुमच्या लाल गोलासाठी नाही. माझ्या लेकरासाठी.

९ डिसेंबर

आलोकला सगळं सांगितलं. "अगं पण मी बाहेर जाऊन ओढतो ना!" मी म्हटलं, ओढ. गच्चीवर ओढ आणि अंथरूण घेऊन तिथेच झोप, घरात यायचं नाही. थंडीचे दिवस आहेत, लवकर शहाणा होईल.

११ डिसेंबर

आलोक शहाणा झाला. नाक गळतंय, पाकीट कचऱ्यात गेलंय.

आज घरभर खाट सुटली, नाकाला झोंबणारा जळका वास. ठसका लागून बाहेर आले, तर सासूबाई तव्यावर तंबाखूची पानं भाजत बसलेल्या. त्यांना सगळे कमलम्मा म्हणतात, मी आत्याबाई म्हणते. देवणीकडच्या. शाळेत चौथीपर्यंत गेल्या. फोटो आला त्या दिवशी देवासमोर बसून रडल्या, पण मला एक शब्द लागेल असा बोलल्या नाहीत. उलट रोज आंबील करून देतात, पाय चेपून देतात, नको म्हटलं तर ओरडतात.

भाजलेली पानं कुटून वस्त्रगाळ केली, पितळी डबीत भरली आणि डबी माझ्यापुढे धरली.

"सिगरेट बाईमाणसाला शोभत न्हाई पोरी. पण तलफ लई वाईट, मला म्हाईत हाय की. ही घे. तलफ आली की मिसरी लाव बोटभर. मळमळ बी बसतीय, पोट बी साफ ऱ्हातंय."

मी म्हटलं, "आत्याबाई, ही तंबाखूच आहे."

"तंबाखू कशी? भाजून काढली की! सगळं इख तव्यावरच जळून जातंय."

आता काय करावं! या भागातल्या सगळ्या बायका हेच मानत आल्या आहेत. तंबाखू खाणारी ती वाईट, विडी ओढणारी तर त्याहून वाईट, पण मिसरी लावणारी? ती तर दात घासतेय! आजवर एका तरी मिसरीवालीभोवती कुणी लाल गोल काढलाय का?

"आलोकच्या टायमाला मी लावतच हुते. बघ कसा धडधाकट हाय." आलोक तेव्हा नाक शिंकरत होता.

मी घेतली नाही. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ती मायेनेच दिली होती, हे मलाही कळतं.

१२ डिसेंबर

डबी ओट्यावरच आहे. हात गेला होता. झाकण उघडलंही. परत लावलं. कुणीही शाबासकी देणार नाही, म्हणून माझी मीच देते — शाब्बास!

१५ डिसेंबर, रविवार

आज चोरओटी. पाचव्या महिन्यात घरातल्या घरात, गाजावाजा न करता ओटी भरायची, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. सगळ्या लातूरने मला फोटोत पाहिलंय, आणि ओटी मात्र चोरून!

पाच सवाष्णी आल्या. त्यांत निलंग्याच्या मावशी, म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण. मी पाटावर बसले, हिरवी साडी, डोक्यावर पदर. आत्याबाईंनी कुंकू लावून ओटीत तांदूळ घातले. मग मावशींची पाळी. त्यांनी नारळ उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"यव्वा! सिगरेट वढणारीची वटी कशी भरावी म्हन्ते मी? पोटातलं लेकरू धुरात ठिवलंय हिनं. आपुन बी पोरं काढली की. असले थेरं केले का कधी?"

बाकीच्या "हाव की, हाव की" करायला लागल्या. बोलणाऱ्या मावशींच्या हिरड्या काळ्याकुट्ट. बाकी चौघींचं थोडंफार तेच. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

माझं डोकं फिरलं. पाटावरून उठले. ओटीतले तांदूळ सांडले, सांडू दे. ओट्यावरची डबी आणली आणि ओटीच्या ताटात खणाशेजारी ठेवली.

"यात काय आहे? तंबाखू. सिगारेटीत काय आहे? तंबाखू. भाजल्याने विष जळत नाही मावशी, रक्तात उतरतंच. त्याने पोटातलं पोर खुरटतं. दिवस भरायच्या आत येतं. कधी कधी मरतंसुद्धा! मी हे सगळं शिकलेय, रोज शिकवते. मी ओढली, कबूल आहे. सोडली तेही कबूल करा. आणि तुम्ही पाचही जणींनी पोटुशी असताना ही लावलीत की नाही? माझ्याकडे बोट दाखवताय, त्या बोटाला काय लागलंय ते बघा आधी!"

मावशींनी खरंच बोट पदराखाली घेतलं! नारळ मीच त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या ओटीत ठेवला. झाली ओटी!

आत्याबाई मधेच उठून आत गेल्या. बायकांना चहा मीच केला. मावशी चहा न घेताच गेल्या.

पण काय हलकं वाटतंय! इतके दिवस सगळे माझ्यावर बोलत होते. आज मी बोलले आणि सगळ्या ऐकत होत्या. जिंकले!

१६ डिसेंबर

साहेबराव सरांचा निरोप — पालक थंड झाले, वर्ग चालू ठेवा. म्हणे पोरांनीच घरी सांगितलं, आम्हाला मॅडमच पाहिजेत. पालक थंड झाले म्हणे! मी कधी तापले होते ते यांना अजून ठाऊकच नाही.

१९ डिसेंबर

सिगारेट नाही. लवंगही कमी झाली. आज चहाचा वास आला आणि नुसता चहाच प्यावासा वाटला!

आत्याबाई अजून बोलत नाहीत. पुढ्यात ताट ठेवतात, आंबील ठेवतात, निघून जातात. पाय चेपायला बसल्या की मान खाली. आज बघितलं तर डबी रिकामी करून, घासून पालथी घातलेली. त्यांनी मिसरी सोडली! सकाळपासून डोकं बांधून बसल्यात, आलोकवर उगाच खेकसल्या. मला ते सगळं ओळखीचं आहे. लवंगा नेऊन दिल्या. घेतल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आलोक म्हणतो, "तू चारचौघींत आईचं नाक कापलंस. जा, माफी माग." मुळीच मागणार नाही. खरं बोलले त्याची माफी? आज त्यांना राग आहे, उद्या कळेल. एका सत्तरीच्या बाईने माझ्या बोलण्यावरून जन्माची सवय टाकली, यापरता विजय कुठला?

२४ डिसेंबर

नांदेडला दाखवून आले. वाढ भरून निघते आहे! डॉक्टर बाई हसल्या. गाडीत बाळाने पहिल्यांदा लाथ मारली. माझ्यावरच गेलंय!

घरी येऊन आत्याबाईंचा हात धरून पोटावर ठेवला. त्यांनी ठेवू दिला. डोळे भरले त्यांचे. पण बोलल्या नाहीतच.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या

रब्बीच्या उभ्या पिकाची पूजा करायचा दिवस, सगळं लातूर आज शेतात. आम्ही देवणीला. पूजा झाली, भज्जी-उंडे खाऊन पुरुष मंडळी आडवी झाली. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपट्यात, कोपीत, मी आणि आत्याबाई दोघीच.

त्या एकदम बोलल्या. आलोकच्या आधी त्यांना दोन मुली झाल्या होत्या. या घरात मला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही दिवस भरायच्या आत. ओंजळीत मावतील एवढ्या. एक रडलीच नाही, दुसरी दोन दिवस होती. गाव म्हणालं, हिचा पायगुण. नंतर आलोक झाला आणि सगळे विसरले.

"तू शिकलेली हायस. त्या मिसरीनं गेल्या का गं माझ्या लेकी?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"त्या दिशी तर येवढं बोललीस. आता बोल की."