अजगर तळ्यात जाणार नाही

बाळ्या,

पेटीत अजगर नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. तो पळालेला नाही, मी नेलाय. काल ताईला म्हणालास ना, आता पेटीत मावत नाही, तळ्यात सोडून देतो? परदेशातलं जनावर ते. जगलं तर तळ्यावरची बदकं फस्त करेल, नाहीतर थंडीने मरेल. प्राणी-बचाव केंद्रातल्या बाई त्याला ठेवून घेणार आहेत.

तू दाखवतोस तसा दोन्ही हातांनी आधार देऊन उचलला आणि तुझ्याच उशीच्या अभ्र्यात घातला.

त्याच्या भीतीने मी आजवर तुझ्याशी दारातूनच बोलले. आज आत आले तेव्हा कळलं, तुझी खिडकी लागतच नाही. त्याला उबेचा दिवा आणि तू गारठ्यात. संध्याकाळी सुताराला बोलावलंय. तो गेला की मीही जरा आत येऊन बसेन.

आई