चिमणीची घसरगुंडी

३ जानेवारी
कॉन्व्हेंट शाळेत मधल्या सुट्टीत चिमणी आणि मी संगीताच्या खोलीमागच्या पायऱ्यांवर बसायचो. गिटार शिकणाऱ्या मुलींची नखं वाढलेली सिस्टरना चालत नसत. मला कापताना हमखास लागायचं, म्हणून माझी नखं चिमणी कापायची, आणि दर बोटामागे एक चहाडी सांगायची. करंगळीपर्यंत पोचेतो घंटा व्हायची.

आज तिचा फोन आला. मार्चमध्ये माजी विद्यार्थिनींचं संमेलन आहे आणि आमचा शाळेतला बँड पुन्हा वाजणार आहे. पण चिमणी लीड, म्हणजे पुढची मुख्य गिटार, वाजवणार नाही म्हणते. अंगठा आखडतो. मग तुझ्या घसरगुंडीचं काय, असं मी विचारलं. वरून खाली भराभर घरंगळणाऱ्या त्या सुरांना आम्ही घसरगुंडी म्हणायचो. गाळून टाका म्हणाली.

मुळीच गाळणार नाही. मी वाजवीन. तिला आत्ता सांगायचं नाही.

४ जानेवारी
चौकशी केली. या प्रकाराला स्वीप पिकिंग म्हणतात. उजव्या हातातलं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, एकाच ओढीत पाच तारांवरून न्यायचं. डाव्या हाताचं बोट प्रत्येक सुरापुरतं टेकवून लगेच उचलायचं, म्हणजे सूर सुटे पडतात. यात अवघड काय ते कळलं नाही. एकतीस वर्षं टायपिस्ट होते, मिनिटाला ऐंशी शब्द. बोटं टेकवणं आणि उचलणं हीच माझी नोकरी.

संकल्प: रोज दोन तास. आठवड्यात ताल देणारा मेट्रोनोम मिनिटाला एकशेवीस ठोक्यांवर.

५ जानेवारी
पस्तीस मिनिटं. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

९ जानेवारी
क्लास लावला. सर चाळिशीचे, सौम्य. मेट्रोनोम चाळीसवर लावा म्हणाले. चाळीसला दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल. घरी एकशेवीसवर लावला. वाजलं. सूर थोडे एकत्र येतात, पण वेग आहे.

१७ जानेवारी, सकाळी ११.३०
हे विचारत आले, चमच्यांचा खण पडला का. यांना संगीताचं अंग कधीच नव्हतं.

२४ जानेवारी
सर म्हणाले, तुम्ही बोटं उचलतच नाही, म्हणून पाचही सूर एकदम वाजतात. याला साधा कॉर्ड म्हणतात. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. भारावले असावेत.

२ फेब्रुवारी
मेट्रोनोम नव्वदवर. ही माघार नव्हे. काम आता बारकाव्यांवर आलं आहे.

६ फेब्रुवारी
तीन दिवस सराव नाही. हवा दमट. सातवं पिक आणलं, जाड. दोष पिकाचाच होता.

११ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई येऊन गेल्या. बाहेर बसलेले दोन पेशंट माझा आवाज ऐकून उठून गेले म्हणे. दाताला घाबरायचं त्यांनी आणि खापर माझ्यावर.

२० फेब्रुवारी
चिमणीचा फोन. लीडचं काही ठरलं का, असं विचारत होती. मी म्हटलं, सोय झाली आहे, तू फक्त समोर बसून ऐक. ती नुसतं बरं म्हणाली. आनंदानं शब्द फुटेना बिचारीला.

२७ फेब्रुवारी
मेट्रोनोम साठवर. मग बंदच केला. मागून ढकलल्यासारखं करतो.

५ मार्च, संध्याकाळी ७
ड्रमवालीच्या गॅरेजमध्ये तालीम. चिमणी पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी भिंतीशी बसली होती. घसरगुंडीची जागा आली. मी पिक ओढलं. पाचही सूर एका गठ्ठ्यात पडले. ड्रमवालीनं काठ्या वर धरून वाट पाहिली आणि सुरू कधी करतेस, असं विचारलं. मी सुरू करून संपवलं होतं.

चिमणी हसली नाही. उठली, माझ्या हातून गिटार घेतली आणि तोच तुकडा वाजवला. अतिशय सावकाश. मध्ये दोनदा थांबून अंगठा चोळला, एक सूर चुकला. पण सगळे सुटे.

"एवढंच येतं आता," ती म्हणाली. "इतकं कोण थांबणार, म्हणून नको म्हटलं. वाटलं होतं, तू तरी म्हणशील, मी थांबते. तर तू सोय करून मोकळी."

दोन महिने मी काय ऐकत होते कोण जाणे.

"मी थांबते," मी म्हटलं.

"मागे ऱ्हिदम धरून? पळणार नाहीस?"

"नाही पळणार."

"मग ती टायपिस्टची घाई घरी ठेवून ये."

६ मार्च
वाटणी अशी.

लीड चिमणीला, परत. घसरगुंडी तिला झेपेल तितकी सावकाश. लागलं तर मध्ये पाणी प्यावं.

जाड पिकही तिलाच, अंगठ्याला सोपं पडेल. बाकीची सहा सरांना, दुसऱ्या कुणा घाईच्या विद्यार्थ्यासाठी.

ड्रमवालीला ताकीद: चिमणीकडे बघायचं, घड्याळाकडे नाही.

दंतवैद्य बाईंना त्यांचे पेशंट. यांना सकाळची शांतता, न मागता.

मला साथीचे कॉर्ड: सी, एफ आणि जी. एफ अजून नीट लागत नाही, पण तिथे ड्रम जोरात असतात.