दार उघडणारी बाई

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून बसूनच केलाय, गोड मानून घे). तुझा खोकला कसा आहे? वहिनी म्हणतात, हल्ली तो फक्त काम सांगितलं की येतो. म्हणजे बरं आहे म्हणायचं.

इकडे सगळे खुशाल. फक्त घराला दार नाही. झालं असं, की धाकट्या भाऊजींनी स्पर्धेसाठी कॉलनीच्या मंडळाचं नाटक बसवायला घेतलं आणि बघता बघता आमचं अख्खं घर त्यात ओढलं गेलं. सासूबाई मरणाच्या दारातली श्रीमंत आत्या, आमचे हे (चष्म्याचं दुकान बंद ठेवून) डॉक्टर, आणि तुझी भाची नायिका. मी इस्त्रीला. सेटवरचं कापडी दार आपटलं की पाहुण्याबरोबर भिंतही आत यायची, म्हणून भाऊजींनी आमचं पुढचं दारच बिजागऱ्यांसकट काढून नेलं. आता आलागेला थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो.

आमच्या दाराचा स्वभाव तू जाणतोसच (मागच्या खेपेला बराच वेळ बाहेर उभा होतास). मूठ वर उचलायची, खाली गुडघा द्यायचा आणि मग ओढायचं, तेही आतून. बाहेरून ब्रह्मदेव आला तरी ते हलायचं नाही. आणि बेल वाजली की घरात माझ्याशिवाय सगळ्यांचेच पाय जड होतात, त्यामुळे ही विद्या दुसऱ्या कुणाला येतच नाही. भाऊजींनी घाईत ठोकलेल्या चौकटीत तर ते जास्तच फुगून बसलं.

पहिल्या प्रयोगाला सासूबाई पलंगावर शेवटच्या घटका मोजतायत आणि डॉक्टर बाहेर दाराशी झुंजतायत. सासूबाईंनी शेवटचं भाषण दोनदा म्हटलं, खोकून थोडा वेळ काढला, आणि मग चक्क उठून बसून विंगेकडे ओरडल्या, "अगं, उघड की ते दार! मी मरू तरी किती वेळ?" मी हातातल्या इस्त्रीसकट धावले. गुडघा दिला, दार उघडलं, डॉक्टर पेशंटच्या आधी आडवे झाले. टाळ्याच टाळ्या! पुढे प्रत्येकाचंच येणं अडायला लागलं, म्हणून मी दाराशी स्टूल टाकून शेवटपर्यंत बसले. पोरीच्या प्रेमप्रसंगातसुद्धा. (नायक फार चाचरला. मला बरं वाटलं.)

तर काय, नाटक अंतिम फेरीत! परीक्षक म्हणाले, दाराशी बसलेल्या त्या मुक्या बाईत युगायुगांची वेदना दिसते. (विंगेत इस्त्रीचं बटण बंद केलं की नाही, ते आठवत होते मी.) मी भाऊजींना म्हटलं, आता त्या बाईला एक वाक्य द्या. एकच. सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोललात की वेदना गेली!" सासूबाईंना मरायला दीड पान, आणि मला एक ओळ नाही. वाईट वाटलं रे. पण जाऊ दे, नाटकाचं वेड मला कधीच नव्हतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : वेड नाही ते नाहीच. पण भाऊजी तुझा शब्द खाली पडू देत नाहीत, तेव्हा माझ्या वाक्यासाठी त्यांना दोन ओळी खरड. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस.

आणखी एक : ते नाही म्हणाले तरी अंतिम फेरीत मी बोलणार आहे. वाक्य तयार आहे. डॉक्टर दार ठोठावतील, सगळे माझ्याकडे बघतील, आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या म्हणेन, "आज दुसरं कुणीतरी उठा."